सापसुरळी : तिची ओळख कशी पटवावी

पावसाच्या पहिल्या सरी पडून बांधावर हिरवळ डोकावूं लागली कीं, आमच्याकडे एक प्रश्न दरसाल हटकून येतो. बांधाच्या दगडांतून एक तांबूस, चकचकीत, अंगावर पट्टे असलेला प्राणी सळसळत गेला. पुढचा भाग पालीसारखा, मागचा सापासारखा. हा विषारी आहे काय, व तो मारावा किंवा कसें? कोणी कोणी पत्रासोबत ठेंचलेल्या प्राण्याचें छायाचित्रहि पाठवितात. म्हणजे प्रश्न विचारण्यापूर्वींच त्याचा निकाल लागलेला असतो. हा प्राणी दहांतून नऊ वेळां सापसुरळी असतो. ह्या प्रश्नाचें उत्तर एकदांच विस्तारानें द्यावें, म्हणून हा लेख लिहिला आहे.

उत्तराचा पहिला भाग थोडक्यांत सांगतां येण्यासारखा आहे. सापसुरळी विषारी नाहीं. तीच कशाला, आपल्या देशांत पाल, सरडा, घोरपड, सापसुरळी ह्या कुळांतील जेवढे म्हणून प्राणी आहेत, त्यांपैकीं एकाच्याहि चाव्यानें माणसास विषबाधा होत नाहीं. ज्यांच्या चाव्यापासून माणसानें खरोखर भ्यावें असे हेलोडर्मा जातीचे जाड शेपटीचे सरडे मेक्सिकोंत व त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या रुक्ष प्रदेशांत राहतात; ते आपल्या बांधावर येण्याचा संभव नाहीं. सापसुरळीला हातांत धरल्यास ती चावा घेण्याचा प्रयत्न करते हें खरें. पण तिचे दांत इतके बारीक असतात कीं, चिमट्यापलीकडे त्याचा परिणाम होत नाहीं.

तरीहि तिची भीति एवढी कां, हें तिच्या नांवावरूनच दिसतें. तिच्या नांवांत साप आहे. हिंदी मुलुखांत तिला सापाची मावशी म्हणतात. नातें लावणाऱ्यांनीं तें अगदींच निराधार लावलेलें नाहीं, कारण साप व सरडे हे मुळांत एकाच मोठ्या गणांतील प्राणी आहेत. परंतु नातें असलें म्हणून मावशीजवळ भाच्याचें विष असलेंच पाहिजे असा नियम नाहीं.

उत्तराचा दुसरा भाग ओळखीचा. आमच्या मतें खरें महत्त्व त्यालाच आहे. कां, तें पुढें येईलच.

आपल्या प्रांतांत शेताच्या आसपास आढळणाऱ्या लहान सरडेवर्गीय प्राण्यांकडे पाहतांना प्रथम कातडी पाहावी, रंग पाहूं नये. रंग ऋतूप्रमाणें, वयाप्रमाणें व नरमादीप्रमाणें पालटतो. कातडीची घडण पालटत नाहीं. पालीची कातडी मऊ, बारीक दाणेदार असते. बागेंतील सरड्याचे खवले टोंकदार, रुक्ष व कडा उचललेले असतात, आणि मानेवर व पाठीवर कांट्यांची ओळ असते. सापसुरळीचे खवले मात्र कौलांप्रमाणें एकावर एक घट्ट बसलेले, गोलसर व तुकतुकीत असतात; उन्हांत तिचें अंग तेल लावल्यासारखें चमकतें. पालीला व सरड्याला मान स्पष्ट दिसते. सापसुरळीचें डोकें, मान व धड एकाच जाडीचें असल्यामुळें ती नळीसारखी दिसते. चकाकी आणि ही नळीसारखी बांधणी, ह्या दोनच गोष्टींनीं पाहणाऱ्याला सापाचा भास होतो.

आपल्याकडे सर्वांत अधिक दिसणारी सापसुरळी ती मोठ्या जातीची, शास्त्रीय नांव युट्रोपिस कॅरिनाटा. (जुन्या ग्रंथांतून हिचें नांव माबुया असें आढळेल, एकाच प्राण्याचीं हीं दोन नांवें आहेत.) पूर्ण वाढलेल्या मादीनराची लांबी नाकापासून गुदद्वारापर्यंत पांच इंचांपर्यंत भरते, आणि शेपटी शाबूत असल्यास ती धडाहून लांब असते. पाठ काशाच्या भांड्याच्या रंगाची, बदामी ते तपकिरी. कुशी अधिक गडद. आणि ह्या दोहोंच्या मध्यें डोळ्यापासून निघून शेपटीकडे जाणारी एक फिकट पिंवळसर रेघ दोन्ही बाजूंस असते. पोट पांढुरकें किंवा पिंवळट. विणीच्या हंगामांत नराच्या ओठापासून कुशीपर्यंत तांबडा रंग चढतो. तेव्हां हाच प्राणी कांहीं आठवड्यांपूर्वीं पाहिलेला आहे, हें जाणत्यालाहि एकदम पटत नाहीं. ह्या तांबड्या रंगानें पुष्कळांचा असा समज होतो कीं, साधी सापसुरळी निराळी आणि ‘विखारी’ सापसुरळी निराळी. तसें नाहीं, तो नवरदेवाचा पोषाख आहे.

मेलेली सापसुरळी हातीं आली तर साधें भिंग घेऊन पाठीचा एक खवला पाहावा. त्यावर लांबीच्या दिशेनें बारीक उभे कंगोरे दिसतात. मोठ्या जातींत ते बहुधा तीन ते पांच, क्वचित् सात असतात. माल्कम स्मिथ यांनीं १९३५ सालीं हिंदुस्थानांतील सरडेवर्गावर जो खंड प्रसिद्ध केला, त्यांत जाती ओळखण्याचें काम अशा कंगोऱ्यांवर आणि अंगाच्या मध्यभागीं खवल्यांच्या किती ओळी आहेत ह्यावर चालविलें आहे. हे गृहस्थ सयामच्या राजदरबारीं वैद्य होते. रोग्याच्या नाडीपासून सरड्याच्या खवल्यापर्यंत त्यांचें लक्ष कसें गेलें असेल, ह्याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटतें.

दुसरी जात लहान, युट्रोपिस मॅक्युलारिया. धड तीन इंचांच्या आंतबाहेर. रंग काशासारखाच, परंतु पाठीवर काळे ठिपके असूं शकतात, आणि मोठ्या जातींत दिसणारी ती स्पष्ट फिकट रेघ हिच्यांत अस्पष्ट असते. हिच्या खवल्यांवरील कंगोरे अधिक, पांच ते नऊ. हिच्याहि नराच्या कुशी हंगामांत तांबूस होतात. पालापाचोळ्यांतून जो बारीकसा खसखस आवाज येतो व पाहावें तों कांहींच दिसत नाहीं, तो पुष्कळदां हिचाच असतो.

तिसरी जात मात्र नीट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण सापाचा खरा भ्रम हीच उत्पन्न करते. तिचें नांव रिओपा पंक्टाटा. अंग बारीक व लांबट, आणि पाय इतके आंखूड कीं, पुढचे व मागचे पाय अंगाला चिकटवून धरले तरी त्यांमध्यें धडाचा पुष्कळसा भाग मोकळा राहतो. घाई झाली म्हणजे ही पाय अंगालगत घेऊन, कमरेंत वळसे देत, थेट सापासारखी निघून जाते. पाहणाऱ्याला पाय दिसतच नाहींत. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर एक बारीक काळा ठिपका असून त्या ठिपक्यांच्या रेघा बनतात, व दोन्ही बाजूंस फिकट पट्टा असतो. पिलांची शेपटी चक्क तांबडी असते. शिकारी पक्ष्याची नजर डोक्यावर न जातां शेपटीवर जावी व शेपटीवर निभावावें, अशी ही निसर्गाची योजना असावी. आमच्याकडे ‘लाल शेपटीचा छोटा साप’ म्हणून जीं वर्णनें येतात, त्यांपैकीं बरींचशीं ह्या पिलांचीं असतात.

आतां सापसुरळी आणि साप यांतील भेद. पाय दिसले तर प्रश्नच उरला नाहीं. आपल्या देशांतील कोणत्याहि विषारी सापाला चालण्याचे पाय नसतात. (उलट, बिनपायाची सापसुरळी जगांत आहे. ओरिसांतील चिल्का सरोवरांतल्या बरकुडा बेटावरून अनंडेल यांनीं १९१७ सालीं अशी एक जात वर्णिली. आपल्या शेतांत तशी मिळण्याची अपेक्षा ठेवूं नये.) पाय दिसले नाहींत तर डोक्याच्या बाजूस, जबड्याच्या मागें पाहावें. सापसुरळीला तेथें कानाचें लहान गोल भोंक असतें. सापाला बाहेरून कान नसतोच. तिसरी खूण पापणीची. सापाचा डोळा कांचेनें झांकल्यासारखा सदैव उघडा. सापसुरळी पापणी मिटते. परंतु ही खूण एकाच दिशेनें चालते, हें लक्षांत ठेवावें. पापणी मिटली तर तो साप नव्हे, हें नक्की. पापणी नाहीं म्हणून तो साप, असें मात्र नव्हे, कारण घरांतील पालीलाहि हलणारी पापणी नसते. माळावर फिरणारा एक बारीक, दोन्ही बाजूंस फिकट रेघा असलेला सरडा आहे. त्याचाहि डोळा सापाप्रमाणें पारदर्शक आवरणानें कायम झांकलेला असतो, व शास्त्रज्ञांनीं त्याला नांवच सापडोळ्याचें दिलें आहे. त्याचे पाय मात्र लांब व ठळक असल्यामुळें गोंधळ होण्याचें कारण नाहीं.

मेलेल्या प्राण्याच्या बाबतींत पोट उलटें करून पाहणें सर्वांत सोपें. सापाच्या पोटावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोंचणाऱ्या आडव्या रुंद खवल्यांची एकच ओळ असते. सापसुरळीच्या पोटावर पाठीसारखेच लहान लहान खवले असतात. ओल्या मातींत सांपडणारा दोऱ्यासारखा वाळा ह्याला अपवाद आहे. तो साप असूनहि त्याच्या पोटाचे खवले रुंद नसतात. पण तोहि निरुपद्रवीच. कोंकणांत व घांटमाथ्यावर खणतांना निघणारें देवगांडूळ हें तर साप नव्हे कीं सरडा नव्हे. तें बेडकाच्या नात्यांतलें आहे, व त्याच्या अंगावर चकचकीत खवल्यांऐवजीं वळ्या असतात.

शेपटीच्या लांबीवर मात्र कधींहि विसंबूं नये. संकट आलें म्हणजे सापसुरळी आपली शेपटी आपणच तोडून टाकते. तुटका तुकडा कांहीं वेळ वळवळत राहतो, शत्रु त्याच्याकडे पाहत बसतो, आणि धनीण पसार होते. पुढें शेपटी पुन्हां फुटते. पण तिच्यांत मूळचे मणके येत नाहींत, कूर्चेची एक दांडी मात्र येते, आणि खवल्यांची मांडणी व रंग मूळ शेपटीशीं जुळत नाहीं. म्हणून अर्ध्यापासून निराळ्या रंगाची शेपटी दिसली तर ती नवी जात समजूं नये. जाणते लोक लांबी नाकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, तें ह्याच कारणानें.

एवढी बारीक ओळख शेतकऱ्यानें कां करावी? सापसुरळी नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, अळ्या खाते, म्हणून ती आपली मित्र, हें सांगण्याची रीत आहे व तें खरेंहि आहे. परंतु तिनें किती किडे खाल्ले व त्यामुळें पिकाचा किती दाणा वांचला, ह्याचा हिशेब मांडण्याचा मोह आम्हीं आवरतों. असा हिशेब भरंवशानें कोणी मांडूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं. ओळख करण्याचें खरें कारण निराळें आहे, व तें माणसाच्या जीवाशीं निगडित आहे.

गांवोगांव घडणारा प्रकार असा. रात्रीं जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्या माणसाला कांहीं तरी चावल्यासारखें वाटून जाग येते. दिवा लावून पाहावें तों भिंतीच्या कडेनें एक सापसुरळी किंवा पाल जातांना दिसते. घरांतील वडील माणूस म्हणतें, ‘सापसुरळी चावली, जाणत्याकडे नेऊन उतरवूं.’ चावा खरोखर सापसुरळीचा असेल तर मंत्र म्हणणाऱ्याला यश येतें, कारण उतरविण्यासारखें विष तेथें नसतेंच. आणि अशा दहा यशांवर त्याचें नांव पंचक्रोशींत होतें. अकराव्या वेळीं चावलेली मण्यार असते.

मण्यार ही रात्रीं फिरणारी. तिच्या चाव्याची वेदना बहुधा नसल्यासारखीच, सूज नाहीं, दांतांच्या खुणा शोधूनहि सांपडत नाहींत. सापसुरळीच्या निरुपद्रवी चाव्याहून तिचा चावा वरवर पाहतां सौम्य वाटतो, हीच त्यांतील दुष्ट गोष्ट आहे. तासांदोन तासांनीं पोटांत कळा येतात, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, बोलणें बोबडें होतें, गिळतां येत नाहीं, आणि शेवटीं श्वासाचे स्नायू थकतात. शिवाय मण्यारीच्या आहारांत इतर साप, उंदीर यांप्रमाणेंच पाली-सापसुरळ्याहि असतात. ज्या विटांच्या ढिगांत सापसुरळी राहते, त्याच ढिगांत तिला खाणारी मण्यार असूं शकते. म्हणून दंशानंतर जवळपास सापसुरळी दिसली, एवढ्यावरून दंश तिचा ठरत नाहीं. जो प्राणी चावतांना दिसला तोच चावला. जो नंतर दिसला तो केवळ दिसला.

इ. स. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं असावींत, असा अंदाज देशभरांतील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवरून २०२० सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे दरसाल सरासरीनें सुमारें ५८,०००. ह्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले. पेरणी, कोळपणी, खुरपणी ह्यांचेच हे महिने, आणि सापसुरळ्या सर्वांत अधिक दृष्टीस पडतात तेहि हेच.

तेव्हां आमचें सांगणें असें कीं, प्राणी स्वच्छ पाहिला, चार पाय पाहिले, कातडीची चकाकी व कुशीची रेघ पाहिली, आणि तोच चावतांना पाहिला, तरच सापसुरळीचा चावा म्हणावें व साबण-पाण्यानें जखम धुवून स्वस्थ राहावें. ह्यांपैकीं एकहि गोष्ट अंधारांत राहिली असेल तर तो सर्पदंश समजून रोग्यास दवाखान्यांत न्यावें. घट्ट दोरी आवळणें, चिरा देणें, तोंडानें रक्त ओढणें हीं सर्व वर्ज्य. दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, रोग्यास चालवूं नये, त्याला धीर द्यावा, आणि १०८ क्रमांकाची गाडी किंवा मिळेल तें वाहन करावें. दवाखान्यांतील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चारहि सापांच्या विषावर एकत्रच चालतें. म्हणून साप मारून बरोबर नेण्याची गरज नाहीं, व त्याच्या शोधांत वेळ घालविणें म्हणजे रोग्याचा वेळ घालविणें होय.

फुरशाचें नांव आलें म्हणून एक गोष्ट. फुरसें लहान असतें, फूट-दीड फुटाचें. कोंकणांतील जांभ्या दगडांत पुष्कळ, व देशावरील खडकाळ माळावरहि आहे. ‘एवढासा प्राणी, सापसुरळीच असेल’ अशी हयगय त्याच्या बाबतींत होऊं शकते. त्याचे खवले मुळींच चकचकीत नसतात. ते खरबरीत असून, वेटोळें एकावर एक घासून तें करवतीसारखा आवाज काढतें. चकाकी असेल तेथें फुरसें नाहीं. मण्यार मात्र चकचकीत असते. पण निळसर काळ्या अंगावर आडवे बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीनें. सापसुरळीचे पट्टे अंगाच्या लांबीनें जातात. आडवे पट्टे तिला नसतात. उभी रेघ व आडवा पट्टा, हा भेद घरांतील मुलांनाहि शिकवून ठेवावा.

दुसरी एक समजूत गुरांसंबंधीं ऐकूं येते, ती अशी कीं, वैरणींतून सापसुरळी पोटांत गेली म्हणजे जनावर फुगून किंवा थरथरून मरतें. सापसुरळीच्या शरीरांत असें कोणतेंहि विष नाहीं. असे आकस्मिक मृत्यू झाले म्हणजे आधीं जनावर कोठें चरलें ह्याची चौकशी करावी. पाऊस ताणल्यामुळें करपलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडक्यांना फुटलेले कोंब खाल्ल्यानें हायड्रोसायनिक अम्लाची बाधा होते. शेतकरी ज्याला किराळ लागणें म्हणतात तें हेंच. ह्यावर पशुवैद्याजवळ इंजेक्शनाचा उपाय आहे. परंतु तो घटकाभरांत मिळाला तरच. ज्या घरीं दोष सापसुरळीवर ठेवला जातो, त्या घरचें दुसरें जनावर दुसऱ्या दिवशीं त्याच शेतांत सोडलें जातें, आणि तेंहि गमावलें जातें.

अन्नांत पाल पडल्याची गोष्ट थोडी निराळी. पालीच्या अंगांत विष नाहीं. पण तिच्या विष्ठेंतून व अंगावरून रोगजंतू अन्नांत उतरूं शकतात. तें अन्न टाकून द्यावें, तें विषासाठीं नव्हे, घाणीसाठीं.

सापसुरळी म्हणून दुसरेच प्राणी दाखविले जातात, त्यांचा निर्देश करून टाकूं. घोरपडीचें पिलूं मोठ्या घोरपडीसारखें मळकट नसतें. त्याच्या अंगावर फिकट ठिपक्यांचे व काळसर पट्ट्यांचे आडवे रांगोळीसारखे ओळ असतात, व सापासारखी दुभंगलेली जीभ तें सारखी आंतबाहेर करतें. ह्या जिभेमुळें उत्तरेकडे त्याला बिसखोपडा म्हणून महाविषारी ठरविलें गेलें आहे. त्याची कातडी दाणेदार, मान लांब, नख्या भक्कम. तें विषारी नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें त्याला मारणें किंवा पकडणें हा गुन्हा आहे. दगडांच्या कपारींत राहणारी, रात्रीं निघणारी, जाड मुळ्यासारख्या शेपटीची एक वीतभर पाल आपल्या पश्चिम भागांत आढळते. पिलाच्या अंगावर काळे व फिकट रुंद आडवे पट्टे, मोठेपणीं ठिपके, म्हणून इंग्रजींत तिला बिबळ्याचें नांव मिळालें. पाल असून तिला हलणाऱ्या पापण्या आहेत. ती फार सावकाश चालते, व त्यामुळें फार सहज मारली जाते. तीहि निरुपद्रवी.

माळावरचा गळपंख्याचा सरडा तर सापसुरळीसारखा दिसतहि नाहीं. पण उन्हाळ्यांत त्याचा नर दगडावर बसून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडूं मिटूं लागला म्हणजे लोक भितात, म्हणून त्याला येथें आणला. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरील अशा सरड्याची एक जात २०१६ सालीं नव्यानें वर्णिली गेली, व त्या सबंध गटाला शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें तें आपल्या ‘सरडा’ ह्या शब्दावरूनच. जगाच्या ग्रंथांत मराठी शब्द असा गेला आहे, हें आमच्या वाचकांस आवडेल.

ज्यांना प्राणी ओळखून हवा असेल त्यांनीं तो मारून पाठवूं नये. सकाळीं आठ-नऊच्या सुमारास ऊन बांधाच्या दगडांवर आलें म्हणजे सापसुरळी अंग शेकत बसते. त्या वेळीं सावली तिच्यावर न पडेल अशा बेतानें आठ-दहा हातांवर उभें राहिलें तर ती बराच वेळ हालत नाहीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत फोन असतो. त्यानें एक छायाचित्र बाजूनें व एक वरून घ्यावें. बाजूच्या चित्रांत डोळा, कानाचें भोंक व कुशीची रेघ आली पाहिजे. वरच्या चित्रांत शेपटी मूळची कीं फुटलेली हें कळलें पाहिजे. प्राणी गेल्यावर तो बसला होता त्याच दगडावर रुपयाचें नाणें ठेवून तिसरें चित्र घ्यावें, म्हणजे आकाराचा अंदाज लागतो. गांव, तारीख, जमीन काळी कीं मुरमाड, जवळ पाणी आहे कीं नाहीं, एवढें लिहिलें म्हणजे पुरे.

घरांत शिरलेल्या सापसुरळीस हातानें धरूं नये, विषाच्या भयानें नव्हे, तर शेपटी हातांत राहील म्हणून. दार उघडें ठेवून केरसुणीनें हळू दाराकडे वळवावें. ती आपण होऊन कुंपणाकडे जाते. आणि बांध दुरुस्त करतांना, ढीग हलवितांना, दगडाखालीं किंवा सैल मातींत तिचीं पांढरीं, लांबट, मऊ कवचाचीं अंडीं सांपडलीं, तर तीं न उलथतां होतीं तशींच मातीनें झांकून ठेवावीं. तो ढीग हलवितांना हात मात्र आधीं घालूं नये. काठीनें किंवा पहारेनें दगड उलटावा. खालीं सापसुरळी असेल, किंवा तिला खायला आलेली मण्यार असेल.